‘क्विझिकल’ म्हणजे नुसता गोंधळलेला नव्हे : एका इंग्रजी विशेषणाचा अर्थ आणि वापर



आजच्या पाठासाठी एकच शब्द घेतला आहे. शब्द आहे क्विझिकल. इंग्रजी गोष्टींत, आकलनाच्या उताऱ्यांत, सिनेमाच्या सबटायटल्समध्ये तो तुम्हाला नक्की भेटला असेल. भेटला की बहुतेक जण वहीत समोर ‘गोंधळलेला’ असा अर्थ लिहितात आणि पुढच्या शब्दाकडे वळतात. गाइडमध्येही बऱ्याच वेळा तेवढंच छापलेलं असतं. हा अर्थ अगदीच चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. पण तो अर्धा आहे, आणि या शब्दाच्या बाबतीत उरलेला अर्धा भागच जास्त महत्त्वाचा आहे.

कसा, ते एका लहानशा प्रसंगातून बघू. नातू परीक्षा देऊन घरी येतो. चप्पल काढता काढता म्हणतो, “आजोबा, पेपर एकदम सोपा होता. एकही प्रश्न सोडला नाही!” आणि पुढचं इंग्रजी वाक्य येतं : ग्रँडफादर गेव्ह हिम अ क्विझिकल लुक.

आता याचं मराठी करा. ‘आजोबांनी त्याच्याकडे गोंधळलेल्या नजरेनं पाहिलं.’ झालं भाषांतर? शब्दाला शब्द मिळाला, पण आजोबांचं काय झालं ते बघा. या वाक्यातले आजोबा म्हणजे नातू काय बोलतोय ते न कळलेले, बिचारे म्हातारे आजोबा. मूळ वाक्यातले आजोबा तसे नाहीत. त्यांना सगळं नीट ऐकू आलं आहे आणि सगळं नीट समजलंही आहे. ते चष्म्यावरून नातवाकडे बघतायत, एक भुवई किंचित वर गेली आहे, आणि तोंडानं काहीही न बोलता ते विचारतायत, “हो का? एकही नाही सोडला?” मागच्या परीक्षेच्या वेळीही हेच वाक्य ऐकलं होतं, हे त्या नजरेत आहे. रागही नाही, थट्टाही पूर्ण नाही. थोडी शंका, थोडं कौतुक, थोडी गंमत. एका विशेषणाचा अर्थ अर्धा धरला की गोष्टीतलं सगळ्यात हुशार पात्र वेंधळं होऊन बसतं. पुढे ‘हू इज मोअर क्लेव्हर इन द स्टोरी?’ असा प्रश्न आला, की उत्तरही चुकतं.

आधी उच्चार आणि स्पेलिंग उरकून घेऊ. जोर पहिल्या अवयवावर, म्हणजे ‘क्वि’वर आहे : क्वि-झि-कल. मराठी मुलांची इथे एक खास अडचण होते. आपल्याकडे ‘झ’चे दोन उच्चार आहेत. ‘झाड’, ‘झरा’ म्हणताना जीभ दातांजवळ असते. ‘झिम्मा’ म्हणताना ती टाळूकडे सरकते. ‘झ’पुढे ‘इ’ आली की आपली जीभ सवयीनं झिम्म्याकडे जाते. क्विझिकलमध्ये मात्र झ झाडातला हवा. दोन-तीनदा मोठ्यानं म्हणून बघा, फरक लगेच कळेल. स्पेलिंग असं : क्यू, यू, आय, झेड, झेड, आय, सी, ए, एल. झेड दोनदा आहे. ‘क्विझ’ला प्रत्यय लागताना झेडचं द्वित्व होतं, जसं क्विझेस, क्विझ्ड, क्विझिंग यांतही होतं. कुणी विचारेल, “सर, एका स्वरानंतर एक व्यंजन असेल तरच शेवटचं व्यंजन दुप्पट होतं ना? इथे तर यू आणि आय असे दोन स्वर आहेत.” शंका चांगली आहे. पण क्यूच्या मागून येणारा यू स्वराचं काम करत नाही, तो ‘व’चा उच्चार देतो. म्हणून खरा स्वर एकच धरायचा, आय. (स्क्रॅबल खेळणाऱ्यांसाठी जाता जाता : इंग्रजी स्क्रॅबलच्या संचात झेडची सोंगटी एकच असते, 10 गुणांची. त्यामुळे हा शब्द लावायचा तर कोरी सोंगटी हाताशी पाहिजे.)

‘क्विझ’शी नातं आहे, पण कुठल्या क्विझशी?

शाळेत दरवर्षी क्विझ कॉम्पिटिशन असते. प्रश्नमंजूषा. जुन्या पिढीला रेडिओवरची बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट आठवत असेल. त्यामुळे क्विझिकल शब्द दिसला की डोक्यात पहिला विचार येतो : क्विझ म्हणजे प्रश्नमंजूषा, म्हणून क्विझिकल म्हणजे प्रश्नमंजूषेसंबंधी. म्युझिकपासून म्युझिकल, लॉजिकपासून लॉजिकल, तसंच हे. तर्क सुंदर आहे, पण इथे फसतो. ‘क्विझिकल कॉम्पिटिशन’ असं इंग्रजीत कोणी म्हणत नाही. म्हटलंच तर ऐकणारा तुमच्याकडे, काय सांगू, क्विझिकल नजरेनं बघेल.

खरी गोष्ट अशी की क्विझ शब्दाला प्रश्न-परीक्षेचा अर्थ बराच उशिरा आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत तो रुळला. त्याच्या आधी, 1780 च्या दशकात इंग्लंडमध्ये क्विझ हा शब्द लिखाणात दिसू लागला तेव्हा त्याचा अर्थ होता विचित्र, चमत्कारिक माणूस. मराठीत याला अगदी नेमका शब्द आहे : वल्ली. पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’मुळे तो घराघरात पोचलेला आहे. तर क्विझ म्हणजे वल्ली. मग माणसावरून अर्थ वस्तूंवर गेला आणि विचित्र दिसणारी टोपीसुद्धा क्विझ झाली. जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर ॲबी’ या कादंबरीत, जी तिच्या मृत्यूनंतर 1817 च्या अखेरीस प्रकाशित झाली, हा शब्द याच जुन्या अर्थानं येतो. आजच्या विद्यार्थ्यानं तिथे प्रश्नमंजूषा असा अर्थ लावला तर वाक्याचं काहीच जुळत नाही.

वल्ली दिसला की लोक काय करतात? टक लावून बघतात, एकमेकांना कोपर मारतात, हळूच हसतात. शब्दही त्याच वाटेनं गेला. क्विझ हे क्रियापद झालं : एखाद्याची टर उडवणं, त्याला मिश्कीलपणे न्याहाळणं. त्या काळी फॅशनेबल मंडळी गळ्यात रिबिनीला किंवा साखळीला एक भिंग अडकवून फिरत. एकच काच आणि तिला छोटी मूठ. समोरच्याला नखशिखांत बघायचं असलं की ते डोळ्यापुढे धरायचं. त्या भिंगाचं नाव क्विझिंग ग्लास. उपयोग दिसण्यासाठी कमी आणि ‘मी तुला बघतोय’ हे दाखवण्यासाठी जास्त, असं त्या काळची व्यंगचित्रं पाहून मला तरी वाटतं.

क्विझिकल हे विशेषण अठराव्या शतकाच्या शेवटी या जुन्या क्विझपासून तयार झालं. सुरुवातीला त्याचा अर्थ ‘विचित्र, गमतीशीर दिसणारा’ असा होता. म्हणजे ज्याच्याकडे लोक बघत तो माणूस क्विझिकल असायचा. हळूहळू विशेषणानं जागा बदलली आणि बघणाऱ्याची नजर क्विझिकल झाली. हे वळण तुम्ही लक्षात ठेवलंत तर बाकी अर्थ पाठ करायची गरज नाही. समोर काहीतरी जरा वेगळं, न जुळणारं दिसतंय, आणि बघणारा ते बघून मनात प्रश्नही विचारतोय आणि ओठाच्या कोपऱ्यात हसतोही आहे. प्रश्न आणि हसू, दोन्ही एकाच नजरेत. आजही या शब्दात ते हसू कुठे जास्त, कुठे अगदी पुसट, असं शिल्लक राहिलं आहे. म्हणूनच एखाद्या शब्दकोशात तुम्हाला ‘प्रश्नार्थक’ सापडतं, दुसऱ्यात ‘किंचित आश्चर्य आणि गंमत दाखवणारा’ सापडतं, तिसऱ्यात ‘अविश्वास’ही सापडतो. तिन्ही बरोबर आहेत. दोनशे वर्षांपूर्वीचं पुस्तक वाचत असाल आणि ‘अ क्विझिकल ओल्ड जंटलमन’ असं काही दिसलं, तर मात्र तिथे ‘विक्षिप्त म्हातारा’ हा जुना अर्थ आधी तपासून बघा.

क्विझ या शब्दाच्या जन्माची एक कथा तुम्ही कदाचित वाचली असेल. डब्लिनमधल्या एका नाट्यगृहाचा व्यवस्थापक, नाव डेली, यानं पैज लावली की अर्थ नसलेला एक शब्द मी एका दिवसात गावभर करून दाखवतो. मग रात्रीतून पोरांकरवी भिंतीभिंतींवर खडूनं ‘क्विझ’ लिहवलं आणि सकाळी सगळं शहर विचारू लागलं, हे काय आहे? कथा झकास आहे, वर्गात सांगायला मजा येते. पण तिच्यावर विश्वास ठेवू नका. ही पैज साधारण 1791 ची सांगतात आणि शब्द त्याच्या आधीच लिखाणात आलेला आहे. शब्दांच्या जन्मकथा जितक्या गोड तितक्या तपासून घ्याव्यात.

चेहरा वाचायचा कसा?

हा शब्द पाठ करण्यापेक्षा डोळ्यांपुढे आणणं सोपं आहे. डार्विनचं नाव तुम्हाला उत्क्रांतीमुळे माहीत आहे. त्याच डार्विननं 1872 मध्ये माणसांच्या आणि प्राण्यांच्या चेहऱ्यावरील भावनांबद्दल एक आख्खं पुस्तक लिहिलं. कपाळाला आठी का पडते, याचा त्यात विचार आहे. त्याचं निरीक्षण असं की नुसता खोल विचार चालू असताना आठी पडतेच असं नाही. विचारात किंवा कामात काही अडचण आडवी आली की पडते. म्हणजे आठी हा ‘अडलंय’ असं सांगणारा चेहरा झाला. पझल्ड आणि कन्फ्यूज्ड माणसाचा चेहरा बहुतेक वेळा असा असतो : भुवया खाली, एकमेकींजवळ.

क्विझिकल चेहऱ्यात उलट घडतं. भुवई वर जाते, आणि पुष्कळदा एकच जाते. मान थोडी कलते. ओठ मिटलेले, पण एक कोपरा सैल. आरशासमोर उभं राहून दोन्ही चेहरे करून बघा. एकटे असताना करा, नाहीतर घरचे विचारतील. एक भुवई सगळ्यांना उचलता येत नाही, त्यानं काही बिघडत नाही.

भुवयांचं हे काम फार खोलवरचं आहे. अमेरिकन सांकेतिक भाषेत, म्हणजे तिथले कर्णबधिर लोक जी हातांची भाषा वापरतात तिच्यात, भुवया हा व्याकरणाचाच भाग आहे. ज्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असतं तो विचारताना भुवया वर जातात. ‘कोण’, ‘कुठे’, ‘का’ असे प्रश्न विचारताना त्या खाली येतात. आपणही काही कमी नाही. रस्त्यापलीकडे ओळखीचं माणूस दिसलं की हनुवटी जरा वर करून, भुवया उडवून आपण ‘काय, कुठे?’ विचारतोच की! आवाज न करता.

मोबाइलवर रोज वापरता ते उदाहरण घ्या. हनुवटीला हात लावून विचार करणारा पिवळा चेहरा 2015 मध्ये युनिकोडमध्ये आला. एक भुवई उंचावलेला चेहरा त्यानंतर, 2017 मध्ये. मित्र ग्रुपवर लिहितो, ‘पाच मिनिटांत पोचतो’, आणि तुम्ही शब्द न लिहिता एक भुवईवाला चेहरा पाठवता. तो क्विझिकल. तिथे गोंधळलेला चेहरा पाठवलात तर मित्राला वाटेल, याला जागा सापडली नाही.

आणखी एक ओळखीचा चेहरा : एचएमव्हीच्या रेकॉर्डवरचा कुत्रा. आजोबांच्या कपाटात एखादी जुनी तबकडी असेल तर तिच्यावर तो असेल. कुत्र्याचं नाव निपर, चित्रकाराचं नाव फ्रान्सिस बॅरॉड. त्यानं आधी चित्रात दुसऱ्या बनावटीचं, नळकांड्यावर आवाज वाजवणारं यंत्र काढलं होतं. 1899 मध्ये ग्रामोफोन कंपनीनं चित्र विकत घेताना त्या जागी आपला ग्रामोफोन काढून घेतला. कर्ण्यापुढे बसलेला निपर मान तिरकी करून ऐकतो आहे. आवाज धन्याचा, पण धनी कुठे आहे? मान कलवलेल्या कुत्र्याच्या या मुद्रेला इंग्रजीत सर्रास क्विझिकल म्हणतात. इथे मिश्कीलपणा नाही, हे लक्षात घ्या. कुत्रा कुणाची टर उडवत नाही. इथे फक्त प्रश्न आणि कुतूहल आहे. म्हणजे या शब्दातलं हसू कधी कधी शून्यावरही येतं. प्रश्न मात्र कधीच जात नाही.

हे एवढं बारीक का बघायचं?

मार्कांपलीकडचं एक कारण सांगतो. मराठी माध्यमातून शिकलेला मुलगा किंवा मुलगी मुलाखतीला जाते. इंग्रजीत उत्तर देते. ऐकणाऱ्या साहेबांची किंवा मॅडमची भुवई वर जाते, मान किंचित कलते. आपल्या मुलांच्या मनात लगेच एकच अर्थ येतो : माझं इंग्रजी चुकलं, यांना काही कळलं नाही. घशाला कोरड पडते, वाक्य अर्धवट राहतं. वर्षानुवर्षं वर्गात हेच बघतो आहे. बाईंनी नुसतं रोखून बघितलं तरी बरोबर उत्तर देणारी पोरं ‘सॉरी’ म्हणून खाली बसतात.

तो चेहरा कन्फ्यूज्ड असेल तर वाक्य पुन्हा, सोप्या शब्दांत सांगायला हवं. पण तो क्विझिकल असेल तर वाक्य पोचलेलं आहे! समोरच्याला ते ऐकून नवल वाटलंय, किंवा थोडी शंका आलीय, आणि तो सांगतोय, ‘बरं, पुढे बोल.’ समजा तुम्ही म्हणालात, “मी शेतात काम करता करता कोडिंग शिकले.” भुवई वर जाणारच. तिथे थांबायचं नाही, तिथूनच खरी मुलाखत सुरू होते. कुठल्या फोनवर शिकलात, रेंज कुठे मिळायची, पहिला प्रोग्राम कुठला केला, ते सांगा. चेहरा चुकीचा वाचला की आपण नेमकं बोलायच्या जागी गप्प बसतो.

जवळचे शब्द

सगळ्या समानार्थी शब्दांची यादी देत नाही. एकच प्रसंग घेऊ आणि शब्द त्यात बसवू. तुमचं लाइट बिल दर महिन्याला 800 रुपये येतं. या महिन्यात 8000 आलं. बिल हातात धरून तुम्ही आकडा पुन्हा पुन्हा वाचता : पझल्ड, कोड्यात पडलेले. बिलाच्या मागचे स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन असले रकाने वाचून डोक्यात सगळी खिचडी होते : कन्फ्यूज्ड, गोंधळलेले. ऑफिसात गेल्यावर या खिडकीवरून त्या, त्या खिडकीवरून तिसऱ्या, गर्दी, आवाज, फॉर्म : बिविल्डर्ड, भांबावलेले. शेवटी मीटर तपासायला आलेला माणूसही डोकं खाजवत म्हणतो की मीटर तर ठीक आहे : बॅफल्ड, पुरता चक्रावलेला. आणि घरी आल्यावर धाकटा भाऊ म्हणतो, “मी तर एसी लावतच नाही रात्री.” आई पोळी लाटता लाटता मान वळवून त्याच्याकडे नुसती बघते. ती आई क्विझिकल. आख्ख्या प्रसंगात तीच एकटी गोंधळलेली नाही, बघा.

इन्क्विझिटिव्ह हा शब्द ऐकायला जवळचा वाटतो, त्याच्याशी गल्लत होते. त्याचा अर्थ चौकस. तो माणसाचा स्वभाव असतो. क्विझिकल ही क्षणाची मुद्रा असते. आली आणि गेली. आणि स्केप्टिकल म्हणजे साशंक, तिथे शंका पक्की असते आणि हसू नसतं.

वाक्यात वापरताना

हे विशेषण माणसापेक्षा त्याच्या चेहऱ्याशी, नजरेशी, आवाजाशी जास्त जमतं. क्विझिकल लुक, क्विझिकल एक्स्प्रेशन, क्विझिकल ग्लान्स, क्विझिकल स्माइल, क्विझिकल टोन, क्विझिकल आयब्राउ. ‘आय ॲम पझल्ड’ म्हणता येतं, कारण ती आतली अवस्था आहे. ‘आय ॲम क्विझिकल’ मात्र कानाला खटकतं. आपली मुद्रा आपल्याला दिसत नाही, ती समोरच्यानं सांगायची. अवघड प्रश्नालाही क्विझिकल म्हणू नका. प्रश्न पझलिंग असतो. तो ऐकणाऱ्याचा चेहरा क्विझिकल असू शकतो.

क्रियाविशेषण क्विझिकली. इथे एक जागा आहे जिथे परीक्षेत हमखास मार्क जातात. ही लुक्ड क्विझिकल, आणि ही लुक्ड ॲट मी क्विझिकली. दोन्ही बरोबर. पहिल्यात ‘लुक’ म्हणजे दिसणं. तो कसा दिसत होता हे सांगायचंय, म्हणून विशेषण. दुसऱ्यात ‘लुक ॲट’ म्हणजे बघणं; कसं बघितलं हे सांगायचंय, म्हणून क्रियाविशेषण. मराठीत ‘दिसणं’ आणि ‘बघणं’ ही दोन वेगळी क्रियापदं आहेत, म्हणून आधी मनात मराठी करून बघा. दिसला असेल तर विशेषण, बघितलं असेल तर क्रियाविशेषण.

भुवईबद्दलही सांभाळा. वर्तमानपत्रात ‘या निर्णयामुळे अनेकांच्या भुवया उंचावल्या’ असं येतं, तेव्हा त्यात आश्चर्यासोबत नापसंती असते. इंग्रजीत ‘रेझ आयब्राउज’ तसंच. पण ‘शी रेझ्ड अ क्विझिकल आयब्राउ’ म्हटलं की नापसंती नाही, प्रश्न आहे.

मराठी करताना एकच ठरलेला प्रतिशब्द शोधू नका, तो नाही. संदर्भ बघून ‘प्रश्नार्थक नजरेनं’, ‘मिश्कीलपणे’, ‘चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह घेऊन’ यांतलं काहीतरी बसतं. मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो उपाय म्हणजे ‘“हो का?” अशा नजरेनं’. आपल्या ‘हो का?’मध्ये प्रश्न, शंका आणि गंमत तिन्ही आहेत, आणि ते कमीजास्त करायला सुराची सोयही आहे.

सराव

आधी स्वतः सोडवा, मग खालची उत्तरं बघा.

1. आफ्टर हिअरिंग थ्री डिफरंट स्टोरीज ऑफ द सेम ॲक्सिडेंट, द पोलीसमन वॉज कम्प्लीटली ____. (कन्फ्यूज्ड / क्विझिकल)

2. व्हेन आय सेड आय वुड गेट अप ॲट फाइव्ह एव्हरी डे, माय सिस्टर रेझ्ड अ ____ आयब्राउ. (बिविल्डर्ड / क्विझिकल)

3. द टीचर लुक्ड ____ ॲट द एम्प्टी बेंच. (क्विझिकल / क्विझिकली)

4. चूक दुरुस्त करा : अवर स्कूल हॅज अरेंज्ड अ क्विझिकल कॉम्पिटिशन ऑन संडे.

5. आर. के. लक्ष्मण यांच्या ‘कॉमन मॅन’च्या चेहऱ्यासाठी पझल्ड, बिविल्डर्ड आणि क्विझिकल यांतला कुठला शब्द निवडाल? कारण द्या.

पहिल्याचं उत्तर कन्फ्यूज्ड. ‘कम्प्लीटली’ हा शब्द खूण देतो. क्विझिकल ही पूर्ण-अपूर्ण मोजायची अवस्था नाही. दुसऱ्याचं क्विझिकल, आणि बहिणीचं बरोबरच आहे. तिसऱ्यात ‘लुक्ड’च्या पुढे ‘ॲट’ आहे, म्हणजे बघितलं, क्विझिकली. चौथ्यात नुसतं ‘क्विझ कॉम्पिटिशन’ हवं.

पाचव्याला एकच उत्तर नाही, पण माझं मत सांगतो. ‘यू सेड इट’ या सदरातून 1951 पासून टाइम्स ऑफ इंडियात भेटू लागलेला, चौकड्यांचा कोट आणि धोतर घातलेला हा गृहस्थ कधीच काही बोलत नाही. मंत्री बोलतात, अधिकारी बोलतात, त्याची बायकोसुद्धा बोलते. हा फक्त बघतो. चष्म्याच्या वर चढलेल्या भुवया पाहून पटकन बिविल्डर्ड म्हणावंसं वाटतं, आणि पुष्कळ चित्रांत ते शोभेलही. इतक्या घोषणा, इतकी आश्वासनं ऐकून कोण भांबावणार नाही? पण त्याचा एखादा संग्रह मिळवून दहा चित्रं सलग बघा. आश्वासन देणारा पुढारी एकीकडे, आणि कोपऱ्यात हा. त्याला सगळं कळलेलं असतं. माझं उत्तर म्हणून क्विझिकल, फक्त यातलं हसू त्याच्या ओठांवर नसतं, ते चित्र बघणाऱ्याच्या ओठांवर येतं. बिविल्डर्ड लिहिलंत आणि एखादं चित्र दाखवून कारण दिलंत, तर त्यालाही मी पूर्ण मार्क देईन.